दोन्ही कामांना चालणारी सायकल

विग्न्योला एकच सायकल हवी होती, पण ती दोन्ही कामांना चालणारी. आठवडाभर तिच्यावरून ऑफिसला जायचं आणि रविवारी शहराबाहेरच्या काल्युरांगचा चढ चढून वर मिळणारे चिकट भाताचे वडे खायचे. एवढ्याशा मागणीपायी त्यानं जोगजाकार्ताच्या दुकानदारांना पावसाळाभर छळलं होतं.

त्या रविवारी त्याची शिक्षिका बायको रुमियाती सोबत आली ती निश्चय करूनच.

"आज सायकल घेतल्याशिवाय घरी यायचं नाही. नाहीतर जन्मभर बसनं जा."

दुकानदार हान्दोकोनं तीन सायकली पुढे काढल्या. पहिली बारीक टायरची, वाऱ्यासारखी पळणारी. दुसरी जाड टायरची, दगडधोंड्यांतून जाणारी. तिसरी मधली, मागं कॅरिअर असलेली.

"पहिलीवर पाठ दुखेल," विग्न्यो म्हणाला. "दुसरी रस्त्यावर जड जाईल. आणि तिसरी... धड ना इकडची, धड ना तिकडची."

"साहेब, तुम्ही सायकल बघताय की जावई?" हान्दोको म्हणाला. "ही मधली घ्या आणि एक चक्कर मारून या. वहिनी इथंच बसतील."

"म्हणजे मी गहाण?" रुमियातीनं विचारलं.

पाकीट आणि फोन तिच्या हातात देऊन विग्न्यो चपलांवरच निघाला. गल्ली संपते तिथं वळून परत यायचं, एवढाच बेत होता. पण तिथल्या मोठ्या रस्त्यावरून नेमकी सायकलवाल्यांची काल्युरांगला जाणारी रविवारची फेरी चालली होती. शेकडो माणसं, घट्ट कपडे, डोक्यावर हेल्मेटं. तो थबकला, तसा पोलीस खेकसला, "ओ काका, थांबू नका! मागचे धडपडतील!"

विग्न्यो आत शिरला आणि अडकलाच. उजवीकडे सायकली, डावीकडे सायकली. पुढच्या चौकात वळू म्हणेपर्यंत पुढचा चौक मागे पडला.

"भाऊ, मी तुमच्यातला नाही हो," तो शेजारच्या पोराला म्हणाला. "मी गिऱ्हाईक आहे."

"असं सगळेच म्हणतात काका. चढ आला की प्रत्येकाला घर आठवतं. मारा पायडल!"

कुणीतरी त्याच्या हातात केळं कोंबलं. फुलाफुलांचा बाटिक शर्ट आणि चपला पाहून लोक टाळ्या वाजवू लागले, तेव्हा मात्र त्याची छाती जराशी फुगली. चढावर गिअर टाकला आणि सायकल मुकाट्यानं वर निघाली. उखडलेल्या रस्त्यावर बारीक टायरवाले उतरून चालू लागले. जाड टायरवाले तर केव्हाच मागे राहिले होते. माथ्यावर त्या पोरानं त्याला वडे खाऊ घातले. दुसरा वडा तोंडात असताना विग्न्योला बायको आठवली आणि तो तसाच सायकलवर बसला.

उतार त्यानं कसा पार केला, हे त्याचं त्यालाही कळलं नाही. दुकानात शिरला तर रुमियाती गल्ल्यामागे बसून एका जोडप्याला समजावत होती, "आधी सांगा, सायकल चालवायची आहे की नुसती मिरवायची?"

"साहेब, सकाळपासून चार सायकली विकल्यात वहिनींनी!" हान्दोकोनं हात जोडले. "आणखी जरा वेळानं आला असता तरी चाललं असतं."

"अगं, मी पळून गेलो नव्हतो..."

"ठाऊक आहे. गिऱ्हाईकं सांगत होती, चपला घातलेला एक काका घाट चढतोय म्हणून."

विग्न्योनं धापा टाकत हँडलवर थाप मारली. "ठरलं! हीच घ्यायची!"

"ती विकली गेली, साहेब."

"कुणाला?"

"मला," रुमियाती म्हणाली. "तुमच्यासारख्याला जी चपलांवर घाट चढवते, ती मला शाळेत न्यायला काय नाही म्हणणार? आठवडाभर मी नेईन. रविवारी तुमची. दोन्ही कामांना चालणारीच हवी होती ना?"

विग्न्योनं हँडल तिच्या हातात दिलं. तिच्या शाळेचा रस्ता तसाही त्याच्या ऑफिसवरूनच जात होता.

सोमवारी ऑफिसच्या फाटकापाशी सायकल थांबली. विग्न्यो कॅरिअरवरून उतरला, डबा घेतला आणि बायकोला हात हलवून निरोप दिला. फाटकातला रखवालदार हे सगळं बघत होता.

"घेतलीत म्हणायची एकदाची! चालायला कशी आहे?"

"मागं बसून तर झकास आहे," विग्न्यो म्हणाला आणि शीळ घालत आत गेला.