काटेकरांची वेगळी तार

एका जंगलात, बाळांनो, वायफाय होतं. जंगलात वायफाय कुठून आलं, असं विचारू नका. गोष्टीतली मुंगी बोलते तेव्हा तुम्ही काही विचारत नाही.

त्या जंगलातल्या एका टेकडीच्या पोटात काटेकर नावाच्या साळिंदरांचं बीळ होतं. चांगलं लांबलचक, एकामागे एक खोल्या असलेलं. पुढच्या खोलीत दाजी काटेकर बसत. ते घरातले कर्ते. मधे स्वयंपाकघर, तिथे थोरल्या सुनेचं, यमुनावहिनींचं राज्य. सगळ्यांत मागची खोली धाकट्या सुनेची. तिचं नाव कुमुद.

धाकटीला मागची खोली, हा त्या टेकडीवरचा जुना रिवाज होता. वायफायचा डबा कर्त्याच्या कोनाड्यात, हा नवा रिवाज. दोन्ही रिवाज नीट पाळल्यामुळे कुमुदच्या खोलीत रेंज अजिबात येत नसे.

आणि कुमुदला तर रेंज हवी होती. ती टेकडीपलीकडच्या शाळेतल्या पिल्लांना पडद्यावरून शिकवायची. बिबट्या दिसला की काय करायचं, हा विषय. आधी काटे उभारायचे, मग गर्रकन वळायचं, मग उलट पावली त्याच्या अंगावर जायचं. ऐकायला सोपं वाटतं. समोर बिबट्या असताना पाठ फिरवून बघा, म्हणजे कळेल.

वर्ग घ्यायला तिला दाजींच्या खोलीत बसावं लागे. दाजी शेजारी सुपारी कातरत असत.

"पिल्लांनो, आता वळा," कुमुद म्हणे.

"वळायचं कशाला?" दाजी मागून म्हणत. "आमच्या वेळी बिबट्याच वळायचा." आणि मग खोकत.

पिल्लं खिदळत. वळायचं राहूनच जाई.

शेवटी शाळेच्या मुख्याध्यापिका टिटवीबाईंचा निरोप आला. 'वर्गात शिकवणारी एकच असावी. येत्या पौर्णिमेला मी स्वतः वर्ग बघणार आहे. पुन्हा दुसरा आवाज ऐकू आला, तर आम्हाला दुसरी बाई बघावी लागेल.'

नोकरी कुमुदला मनापासून आवडत होती. लग्न होऊन या बिळात आल्यापासून तिचं वाक्य शेवटपर्यंत ऐकून घेणारी तेवढी ती पिल्लंच होती, तीही दाजी खोकले नाहीत तर.

घरात बैठक बसली. सल्ला द्यायला घूस आली आणि कोल्हा आला. घुशीचा धंदा जमीन उकरून तारा टाकण्याचा. कोल्ह्याचा धंदा काय ते त्याला बघूनच कळत होतं.

घूस म्हणाली, "बीळ लांब आहे, भिंती जाड आहेत. पुढच्या डब्यापासून जमिनीखालून तार नेते आणि मागच्या खोलीत वेगळा डबा बसवते. थेट काम."

'वेगळा' हा शब्द ऐकून दाजींचे काटे उभे राहिले.

"या घरात चार पिढ्या कुणी वेगळं झालेलं नाही," ते म्हणाले. "चूल वेगळी नाही, आणि डबा वेगळा म्हणे."

कोल्ह्याने काटे पाहिले आणि तो जरा मागे सरकून बसला.

"दाजी, तार-बीर काही नको. आमचं मेश घ्या. डबे तीन, पण सगळ्यांचं नाव एकच. मागचा मधल्याला सांगतो, मधला पुढच्याला सांगतो. पुढच्याला कळवल्याशिवाय घराबाहेर काही जात नाही. एकत्र कुटुंबच म्हणा ना."

दाजींचे डोळे पाणावले. यंत्रांनाही वळण असतं, हे त्यांना आजवर ठाऊक नव्हतं.

"आणि मधल्याने ऐकलंच नाही तर?" कुमुदने विचारलं.

"धाकट्या सुनेने बैठकीत बोलू नये," दाजी म्हणाले. बैठक संपली. कुमुदचा नवरा दोन्ही बाजू बरोबर आहेत असं म्हणून कंद उकरायला निघून गेला.

कोल्ह्याने डबे बसवले. चांगले बसवले, उगाच कशाला खोटं बोला. एक दाजींच्या कोनाड्यात, एक स्वयंपाकघरात, एक कुमुदच्या खोलीत. त्या दिवशी मागच्या खोलीत अशी रेंज आली की कुमुदने आनंदाने दोनदा वर्ग घेतला.

दुसऱ्या दिवशी यमुनावहिनींनी मधल्या डब्यावर पितळी पातेलं पालथं घातलं. एक तर फोडणीचं तेल उडत होतं. शिवाय येणाऱ्याजाणाऱ्याची दृष्ट. घरातल्या चांगल्या वस्तूवर काहीतरी पालथं घालून ठेवायचं, ही काटेकरांची पद्धतच होती.

झालं. पातेल्याखाली मधला डबा मुका झाला आणि मागचा अनाथ. पलीकडे पिल्लांच्या पडद्यावर कुमुद तोंड उघडं ठेवून, अर्धे काटे उभारून थिजली. पिल्लांना वाटलं आजचा धडा हाच. तीही तशीच थिजून बसली.

पातेलं उचललं की काम होणार होतं. पण काटेकरांकडे थोरलीच्या चुलीजवळच्या भांड्याला धाकटीने हात लावायचा नसतो, आणि थोरलीशी तक्रारीचं थेट बोलायचंही नसतं. म्हणून कुमुदने नवऱ्याला सांगितलं. नवऱ्याने दाजींना सांगितलं. दाजींनी थोरल्या मुलाला सांगितलं. थोरल्याने यमुनावहिनींना सांगितलं. त्यांच्यापर्यंत पोचलं ते असं, की धाकटीला तुमचं पितळी पातेलं हवं आहे, तेही तिच्या खोलीत.

यमुनावहिनींनी पातेल्यावर वरवंटा ठेवला आणि बोलणं टाकलं.

मेश म्हणजे एकत्र कुटुंबच, असं कोल्हा म्हणाला होता. कोल्हा एरवी कितीही खोटं बोलत असेल, हे मात्र खरं बोलला होता.

पौर्णिमा जवळ येत चालली. एका दुपारी सगळी साळिंदरं गाढ झोपलेली असताना कुमुदने घुशीला बोलावलं. घूस पुढच्या खोलीतून शिरली आणि मागच्या खोलीत निघाली. तार आली, वेगळा डबा आला, रेंज आली. संध्याकाळी दाजी उठले आणि उकरलेल्या मातीच्या ढिगाला अडखळले.

"घर फोडलंस, सूनबाई," ते म्हणाले.

कुमुद रडली. तिला खरंच फार वाईट वाटलं. वाईट वाटत असतानाच तिने वर्ग घेतला, आणि पिल्लं पहिल्यांदाच नीट वळली.

दोन दिवस दाजी फुगून पुढच्या खोलीत बसले. रेंज तिथेही पहिल्यासारखीच होती. पण आता तिथे वर्ग नव्हता, त्यामुळे मधे बोलायला काही उरलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी ते मागच्या खोलीत आले. "तार कुठून आली तेवढं बघतो," म्हणाले, आणि बसले. चौथ्या दिवशी अडकित्ता घेऊनच आले. यमुनावहिनींच्या स्वयंपाकघरात पातेल्यापायी रेंजच लागत नव्हती, म्हणून त्या कंद सोलायला इथे आल्या. दाजी तिथे म्हणून थोरला आला. सगळे तिथे म्हणून कुमुदचा नवरा आला. घरात कितीतरी दिवसांनी हसणंखिदळणं सुरू झालं. कुमुदला पाय ठेवायला जागा उरली नाही.

अशात पौर्णिमा उजाडली.

"मामंजी, आज माझा वर्ग आहे. टिटवीबाई बघणार आहेत," कुमुद म्हणाली.

"मग घे की. आम्ही काय अडवलंय? आम्ही अगदी गप्प बसतो," दाजी म्हणाले आणि खोकले.

कुमुदने एकवार सगळ्यांकडे पाहिलं. मग पडदा काखोटीला मारला आणि चालू लागली. स्वयंपाकघर सुनं होतं. वरवंटा पातेल्यावर आणि पातेलं डब्यावर, सगळं जागच्या जागी होतं. ती थेट पुढच्या खोलीत आली. तिथे चिटपाखरू नव्हतं. कोनाड्यातला डबा पहिल्यासारखाच मिणमिणत होता. ती दाजींच्या घोंगडीवर बसली.

"पिल्लांनो, काटे उभारा," ती म्हणाली. "आता वळा. आता उलट पावली चाला."

पिल्लांनी काटे उभारले, ती वळली, चालली. कुणी खिदळलं नाही. कुमुद वाक्यं पुरी करत राहिली. तिला त्याची सवय नव्हती, त्यामुळे अधूनमधून ती खोकल्यासाठी जागा सोडत होती.

"आवाज स्वच्छ आला," टिटवीबाई म्हणाल्या. "तुम्ही कायम झालात असं समजा. नवीन काय बसवलंत?"

"नवीन काही नाही, बाई," कुमुद म्हणाली. "घरची मंडळी मागे बसवली."

तिकडे मागच्या खोलीत घूस आपल्या तारेची खुशाली बघायला आली होती. दाजींनी तिला जवळ बोलावलं.

"तू वेगळी तार ओढलीस," ते म्हणाले, "पण बघ, आमचं घर काही फुटलं नाही. सगळे एका खोलीत आहेत."

तात्पर्य : मेश चांगलं की वेगळे डबे, हा वाद जाणकारांना खुशाल घालू द्यावा. आपण मात्र आपल्याला जिथे काम करायचं असेल, त्याच्या अगदी दुसऱ्या टोकाला घरातली उत्तम रेंज बसवावी. त्याने काम होतं, आणि कुटुंबही एकत्र राहतं.