ग्राफीन निवलं!

तापलेलं ग्राफीन थंड कसं होतं, हे भोसरीपासून चाकणपर्यंत माझ्याइतकं कुणालाही कळत नाही. ही बढाई नाही. दुसरं कुणी या भानगडीत पडलेलंच नाही!

महाळुंग्यातल्या आमच्या कंपनीत बॅटरीचे सुटे भाग होतात. मालक ज्योतीरामशेठ, त्यांच्या पूर्वीच्या वावरातच कंपनी उभी आहे. बॅटरी तापू नये म्हणून तिच्यात ग्राफीन, म्हणजे कार्बनचा अणूभर जाडीचा पापुद्रा, वापरू या, हे खूळ मीच त्यांच्या डोक्यात भरवलं. त्यांनी लेझरचं मशीन आणून दिलं आणि बजावलं, "मधुसूदनराव, दसऱ्यापत्तुर कायतरी करून दाखवा. न्हाईतर लॅब बंद, आन् तुमी डिस्पॅचला!"

डिस्पॅच म्हणजे दिवसभर खोकी मोजायची आणि ट्रकवाल्यांशी हुज्जत घालायची. माझी पीएचडी आहे हो!

महिनोन्महिने खपल्यावर ग्राफीनचा एकच तुकडा धड निघाला, तोही नेमका खंडेनवमीच्या तोंडावर. त्या दिवशी मशीनं बंद, फक्त पूजा. शेठच्या आई शालनबाई, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या आजी, प्रत्येक मशीनला स्वतः हळदकुंकू लावतात. लेथ, प्रेस, कॉम्प्रेसर करत त्या लॅबमध्ये आल्या.

"ह्ये काय करतं रं, लेकरा?"

शहाण्या माणसानं 'तपासणी करतं' म्हणून विषय मिटवला असता. मी मशीनचं झाकण उघडून दाखवलं आणि फळ्याकडे वळलो!

"आजी, आत काचेची पट्टी आहे ना, तिच्यावर ग्राफीनचा थर आहे. इतका पातळ, की असून नसल्यासारखा! त्यावर लेझर मारला की इलेक्ट्रॉन खवळतात. मग ते आपली उष्णता अणूंच्या जाळीला देऊन मोकळे होतात आणि जाळी थरथरायला लागते. सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत!"

"मंग निवलं की!"

"नाही ना! शिफ्ट सुटली की माणसं गेटातून भसकन बाहेर पडतात. पण पुढे चाकणचा चौक! तिथे सगळं तुंबतं. तसंच जाळीची ती जोरदार थरथर लवकर विरत नाही. उष्णता अडकून बसते आणि उलट इलेक्ट्रॉनांकडेच परत येते!"

मी फळ्यावर चौक काढला, कंटेनर काढले, उलट बाजूनं घुसलेली रिक्षासुद्धा काढली. इतकं रंगून मी स्वतःच्या लग्नातही बोललो नव्हतो. वळून पाहिलं तर आजी पदर सारखा करत होत्या. मशीनला झेंडूचा हार आणि काचेच्या कोपऱ्यात कुंकवाचं बोट. लेझर मधोमध पडतो, कोपऱ्यात राहू दे कुंकू, असा मी मोठ्या मनानं विचार केला.

दसऱ्याला सकाळी शेठच्या साक्षीनं लेझर मारला. पडद्यावर आधी तापल्याचा उंचवटा दिसायला हवा होता, मग निवल्याचा हळूहळू उतार. आली सरळ रेघ! पुन्हा मारला. पुन्हा सरळ रेघ!

"म्हंजी काय झालं?" शेठ म्हणाले.

इथे कुणालाही शंका आली असती. मला आनंद झाला!

"शेठ, तापलेलं दिसायच्या आत थंड! चौकच मोकळा झाला! हे जगात कुणाला जमलेलं नाही!"

शेठनी मला कडकडून मिठी मारली आणि तिथूनच त्यांच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाला फोन लावला, "आजच या, चमत्कार दावतो!" मी बायकोला, मृदुलाला, कळवलं, "डिस्पॅच टळलं!" पेढे आले. पहिला पेढा आजींना.

"आये, तुझा हात लागला आन् सोनं झालं बघ!" शेठ म्हणाले.

"तर काय! येवढं लाखामोलाचं मशीन, आन् काच ही मळकी! वल्या पदरानं खसाखसा पुसली, मंग लावलं कुकू."

मी पेढा तिथेच टाकला. मी धावत जाऊन पट्टी उजेडात धरली. ती पुसटशी करडी झाक पार गेली होती. माझं ग्राफीन आजींच्या पदराला लागून घरी गेलं होतं! तापायलाच काही नव्हतं, तर थंड काय होणार? कपाळ माझं!

एवढ्यात गेटावरून निरोप आला, पाहुणे आले.

पाहुण्यांना काय सांगितलं ते विचारू नका. ते गेल्यावर शेठ तापले. आईवर तर तापता येत नाही, त्यामुळे सगळी उष्णता माझ्याकडे आली. ती मी फोनवरून मृदुलाकडे सरकवायला गेलो. ती म्हणाली, "म्हातारीला पाठ करून फळ्याशी गप्पा मारायला सांगितलं होतं कुणी?" उष्णता परत माझ्याकडे! लॅबला कुलूप लागताना मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

आता मी डिस्पॅचला असतो. यंदाच्या खंडेनवमीला आजी आमच्या वजनकाट्याला कुंकू लावायला आल्या. मला पाहून थबकल्या.

"लेकरा, तुजं ते मशीन निवलं का रं?"

"व्हय आजी," मी म्हणालो, "पार निवलं."

"मंग झालं तर!" म्हणत त्यांनी पदर ओला केला आणि काट्याची काच पुसायला घेतली. मी या वेळी पाठ फिरवली नाही. डोळ्यांत तेल घालून पाहत राहिलो. नुसती धूळ होती.