गुलछडीची स्वारी जुळवावयास यंत्र खरेदी केले, ती बखर

श्रीगजवदनाचे चरणी मस्तक ठेवोन, शारदेस दोन फुले वाहोन, आणि विजेने मध्येच दगा देऊ नये इतकेच मागणे मागोन बखर लिहावयास आरंभ केला. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, भाद्रपद वद्य तृतीया. राज्य कोणते ते लिहावयाची आज्ञा नाही. राज्य होते, राजा होता, आणि राजाचे पदरी गुलछडी नामे एक हत्तीण होती, इतके वाचणाराने समजोन घ्यावे. हत्तिणीचे वय साठीपुढे गेले, गुडघे धरू लागले, सबब हुजुरांची आज्ञा जाहली की, यंदाचा दसरा करोन एकादशीस तिजला घाटापलीकडील रानात म्हाताऱ्या हत्तींचे ठाणे आहे तेथे पोचवावे, आणि तिचा माहूत बाळेखान याणे तिजसवे जाऊन तेथेच राहावे. हे वर्तमान ऐकोन ठकूबाई चित्रनवीस ऊस घेऊन हत्तीखान्यात गेल्या. या बाई दरबारचे व्हिडिओ काढीत, कापीत आणि जोडीत. लहानपणी याच बाळेखानाने त्यांस हत्तिणीवर बसविले होते. बाई बोलिल्या, "चाचा, जाताना काय देऊ? शाल देऊ की भांडी देऊ?" बाळेखान बोलिले, "काय नगो, बाई. चाळीस दसरे मी हिच्या मानंवर बसलो. सारं गाव समोरनं बघतं ही कशी डुलत येती ते. मला काय दिसतं? हिचे दोन कान आन् म्होरल्यांच्या पगड्या. एकदा समोरनं बघायची हाय." आणि मग जरा छाती फुगवोन बोलिले की, "तांबट आळीच्या वळणावर तर बघायचीच हाय. तिथं मी कानामागं पायाचा आंगठा दाबतो म्हणून ही वळती. न्हाईतर अंबारी भितीत!" हे खरेच होते. त्या अरुंद वळणावरोन हत्तीण बिनधोक नेली म्हणोन दरसाल दसऱ्यास बाळेखानास हुजुरांचे हातचा शेला मिळे, आणि ते चाळीसही शेले त्यांणी पेटीत नीट घडी घालोन ठेविले होते.

त्याच पावली घरी येऊन ठकूबाईंनी मनसुबा केला की, नवमीचे दिवशी हत्तीखान्यासमोर पडदा बांधावा आणि चाचास गेल्या दसऱ्याची स्वारी दाखवावी. गतसाली बाईंनी चार जागी कॅमेरे लाविले होते: एक नगारखान्यावर, एक तांबट आळीतील गच्चीवर, एक स्वारीपुढे चालणाराचे हाती, आणि एक चिमुकला अंबारीस बांधोन, तो नेमका बाळेखानाचे पायावर रोखलेला. ही चारही चित्रे एकाच पडद्यावर सोबत चालवावी, म्हणजे चाचास हत्तीणही दिसेल आणि आपणही दिसू, ऐसे बाईंचे मनी. परंतु दरबारचे जुने यंत्र एक चित्र चालवी, दुसरे घालता धापा टाकी, आणि तिसरे घालताच पडदा गोठे व आतील पंखा गिरणीसारखा घुमे. बाईंनी त्यास पुसोन पाहिले, उघडोन झाडोन पाहिले, दोन शब्द प्रेमाचे आणि चार रागाचे बोलोन पाहिले. उपयोग काही न जाहला. नवमीस उरले एकवीस दिवस.

मग बाईंनी दरबारात अर्ज केला आणि मसलत बसली. फडणीस विसाजीपंत बोलिले, "पत्रे लिहिणाऱ्या कारकुनास दिला तसलाच संगणक द्यावा. अठ्ठावीस हजारात येतो आणि वर्षानुवर्षे तक्रार नाही." सेनापती रायाजीराव मिशीवर हात फिरवोन बोलिले, "हत्तिणीचे काम आणि कारकुनाचे यंत्र? यंत्र असे हवे की शत्रूने दुरून पाहोन माघारी फिरावे!" राज्यास शत्रू कोणता, हे कोणी विचारिले नाही, सेनापतींस ते विचारू नये ऐसा दरबारी शिरस्ता आहे. हुजुरांनी दोघांचे ऐकिले आणि दोघांचेही मन राखोन आज्ञा केली की, साठ हजार मंजूर, त्याउपर दमडी नाही, आणि उदयिक सर्वांनी बाजारात जाऊन आम्हांसमक्ष खरेदी करावी. ठकूबाईंस कोणते यंत्र पाहिजे, हे मात्र पुसावयाचे राहोन गेले. मोठ्या मसलतीत लहान गोष्टी राहतातच.

दुसरे दिवशी स्वारी बाजारात गेली, आणि गुलछडीस ऊस घ्यावयाचा होता म्हणोन तीही बाळेखानासह मागोमाग निघाली. पहिलेच दुकानी सेनापतींची नजर एका यंत्रावर पडली आणि तेथेच खिळली. यंत्रास काचेची कूस, आत सात रंगांचे दिवे, आणि पंखे तर असे फिरत की जत्रेतील पाळणेच. किंमत एकोणसाठ हजार नऊशे. सेनापती बोलिले, "हेच! दुसरे पाहू नये!" हुजुरांसही दिवे आवडले, आणि त्यांणी कुंकवाचा करंडा मागविला. त्या राज्याचा रिवाज ऐसा की, वस्तूस धन्याचे हातचे कुंकू लागले म्हणजे सौदा पक्का. मग खुद्द ब्रह्मदेव आला तरी माल परत होत नाही. हुजुरांचे बोट करंड्यात गेले. ठकूबाईंचा जीव टांगणीस लागला, कारण वेगळे यंत्र घ्यावयास पुढील दसऱ्याशिवाय पैका नव्हता, आणि पुढील दसऱ्यास चाचा नव्हते. परंतु भर बाजारात हुजुरांचा हात धरावा कसा? तों बाहेरोन बाळेखान उसाची मोळी सावरीत सहज बोलिले, "बाई, हत्ती घेताना आमी त्याची झूल बघत न्हाई. आपलं ओझं घालतो आन् चढावर चालवतो. यंत्राचं असं नसतं का?"

इतके शब्द कानी पडताच बाईंस धीर आला. त्या बोलिल्या, "महाराज, बोट जरा थांबवावे. आधी ओझे घालून पाहते." आणि कनवटीस बांधलेली हार्डडिस्क सोडोन, गतसालची चारही चित्रे त्यांणी त्या झगझगीत यंत्रात घातली. पहिली गुलछडी चालली, दुसरी चालली, तिसरी दोन पावले आली, आणि चौथी येताच चौघीही जागीच गोठल्या, उचललेला पाय खाली येईना. दिवे मात्र पूर्ववत नाचत होते. सेनापती बोलिले, "उन्हाने असेल." दुकान थंड हवेचे होते. मग हुजुरांनी बोटाचे कुंकू सेनापतींचेच कपाळी लाविले, आणि बाजार हसला, आणि सेनापतीही हसले, हे त्यांचे मोठेपण लिहिले पाहिजे.

मग विसाजीपंतांचे पसंतीचे यंत्र पाहिले. त्याणे दुसऱ्या चित्रासच रामराम म्हटला आणि आपोआप बंद पडले. पंत बोलिले, "वीज तरी खात नाही." मग दिवसभर दुकानामागोन दुकान हिंडता, गल्लीचे टोकास मोतीचंद शेटचे जुन्या मालाचे दुकान लागले. तेथे कोपऱ्यात एक काळा, ओबडधोबड खोका, कुशीस खरवडलेला, घरांचे नकाशे काढणाऱ्या कचेरीत तीन वर्षे राबोन आलेला. शेटने कूस उघडोन दाखविली आणि बोलिले, "बाई, ही बत्तीस जीबीची रॅम. स्वयंपाकाला ओटा मोठा असला की पसारा मावतो, तसं हिचं. तिकडच्या दिव्यावाल्यात आठच असेल, पैसा रोषणाईत गेला. हे ग्राफिक्स कार्ड जुनं, पण खणखणीत. चित्रं साठवायची डिस्क नवी कोरी. दिवा एकच, तो यंत्र चालू आहे का ते कळायला." बाईंनी ओझे घातले. एक गुलछडी चालली, दोन चालल्या, तीन चालल्या, चार चालल्या, आणि चौघीही तांबट आळीचे वळणापर्यंत डुलत गेल्या. दारातली पाचवी गुलछडी ऊस खात होती. हुजूर बोलिले, "ओझे तुमचे, हत्ती तुम्ही निवडा." बाई बोलिल्या, "हाच, महाराज." यंत्राचे सत्तेचाळीस हजार पडले, आणि उरल्या पैशात रंग खरे दाखविणारा मॉनिटर आला. शेटने वर्षाची हमी लिहोन दिली, आणि विसाजीपंतांनी वर एक कव्हर फुकट मागितले. मग कुंकू लागले.

मग ठकूबाईंनी घराचे दार लोटले आणि रोज उजाडता कामास बसोन चित्रे कापिली, जोडिली, नगाऱ्याचा आवाज पावलास जुळविला. आणि यंत्र गरम होई, परंतु कुरकुर न करी. नवमीस दिवेलागणीचे सुमारास हत्तीखान्यासमोर मोठा पडदा लागला आणि सारे गाव जमले. बाळेखानास हुजुरांशेजारी खुर्ची दिली. पडद्यावर मध्यभागी समोरोन येणारी गुलछडी, कोपऱ्यात बाळेखानाचा पाय. बाळेखान तोंड उघडे ठेवोन पाहात होते, आणि "अगं माझे माय, काय चालती!" इतकेच पुनःपुन्हा म्हणत होते. तों तांबट आळीचे वळण आले. बाळेखान एकाएकी उठोन बोलिले, "थांब, बाई. मागं घे." बाईंनी मागे घेतले. "अजून हळू कर." बाईंनी हळू केले. आणि बाळेखान पडद्याजवळ जाऊन एक बोट हत्तिणीवर, एक बोट आपल्या पायावर ठेवोन उभे राहिले. हत्तीण वळावयास लागली होती. आंगठा अद्याप दाबला नव्हता.

ठकूबाईंस वाटले की, चाळीस वर्षांचा मान आपण आपल्या हाते चव्हाट्यावर मोडिला. ही गोष्ट जोडताना त्यांणी शंभर वेळा पाहिली होती आणि एकदाही दिसली नव्हती. तों बाळेखान पोट धरोन हसू लागले. "अरे, ही तर माज्या आदी वळती! मला वाटायचं मी हिला न्हेतो! चाळीस शेले, महाराज, चाळीस शेले हिचे, आन् पेटीत घातले मी!" आणि हसता हसता डोळे पुसोन हत्तिणीचे सोंडेस मिठी मारिली. हुजूर हसले, गाव हसले, आणि ठकूबाई तर रडत हसल्या.

दसऱ्यास वळणावर बाळेखानांनी दोन्ही पाय वर घेऊन मांडी घातली. गुलछडी आपली आपण वळली, आणि त्या सालचा शेला हुजुरांनी तिचेच गळ्यात बांधिला. एकादशीस सकाळी दोघे निघाले. बाळेखान मानेवर बसेनात. ते हत्तिणीपुढे दहा पावले, तोंड तिजकडे आणि पाठ वाटेकडे करोन, उलटे चालो लागले, आणि वेशीबाहेर तैसेच गेले. ठकूबाई ओरडल्या, "चाचा, पडाल! पुढे बघा!"

बाळेखान बोलिले, "ती बघतीय की!"

येणेप्रमाणे यंत्रखरेदीचे वर्तमान जैसे जाहले तैसे लिहिले. यंत्र अद्याप चालते. कव्हर मिळाले नाही. त्याविषयी विसाजीपंतांचा पत्रव्यवहार चालू आहे. लेखनसीमा.