मागाचा खड्डा आणि नळाची हाक

"बाबा, लिहून ठेवा! एक दिवस या खोलीपुढे रांग लागन, रांग!"

पंकजने ही घोषणा खड्ड्यात बसून केली. सक्करदऱ्याच्या त्या घरात एके काळी त्याचा आजा याच खड्ड्यात पाय सोडून हातमागावर लुगडी विणायचा. ओल येऊ नये म्हणून आज्याने तो सिमेंटने असा घोटून बांधला होता, की मुंगीचाही पाय घसरावा! माग मोडीत गेला, खड्डा राहिला. आता त्यात पाय सोडून पंकज लॅपटॉपवर हिप हॉपच्या बीट बनवायचा. ना कुठली कंपनी, ना कुणी मालक. स्वतंत्र प्रोड्यूसर! बाप मात्र होता, आणि खोली बापाच्या नावावर होती.

"रांग तर मीच लावतो," ईश्वरदास म्हणाले. लकडगंजच्या आरामशीनवर तीस वर्षं काढलेला माणूस. आवाज लाकूड चिरल्यासारखाच. "इथं आटाचक्की बसवतो. लोकं डबे घेऊन उभे राह्यतीन. तुह्यं धडामधुडूम कोन ऐकून राह्यलं बे?"

"रविवारी मंडळाच्या मैदानात माहा प्रोग्राम हाय. शेवटच्या गाण्याले खुर्च्या भरलेल्या नाई दिसल्या, तर खुशाल बसवा चक्की!"

"अन् दिसल्या तर?"

"तर खोली माही. कायमची!"

"मंजूर!" ईश्वरदास म्हणाले, आणि चक्कीच्या जागेचं माप घ्यायला टेप शोधू लागले.

आता पंकजच्या टॅगबद्दल सांगायलाच हवं. बीट बनवणारे आपल्या प्रत्येक गाण्याच्या सुरुवातीला स्वतःची एक खूण टाकतात. कुणी आपलं नाव टाकतो, कुणी वाघाची डरकाळी. हाच टॅग. पंकजने आपल्या आईची हाक टाकली होती. गल्लीत नळ आले, की सगळ्यात आधी गोदूबाईला कळायचं, आणि तिची हाक पार तलावापर्यंत जायची: "नळ आले वंऽऽऽ!" मुंबईच्या एका कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला होता, "बीट छान आहेत, पण तेवढी ती बाई काढून टाका."

"ते बाई माही आई हाय. नाई काढत!" पंकजने फोनच कापला होता.

बाणेदारपणा झकास! पण ही गाणी आजवर कानात इयरफोनची बोंडं घातलेल्या पोरांनीच ऐकली होती. गल्लीत, मोठ्या भोंग्यावर कधी वाजलीच नव्हती. त्यात त्या आठवड्यात पाइपलाइनचं काम सुरू होतं आणि नळाला वेळेचा धरबंद राहिला नव्हता. हे दोन्ही पंकजच्या डोक्यात एकत्र आलंच नाही!

रविवारी संध्याकाळी मैदान गच्च भरलं. रॅप म्हणणारी मेघा माइक घेऊन उभी राहिली. पंकजने छाती फुगवून बटण दाबलं.

"नळ आले वंऽऽऽ!"

पुढच्या रांगेतून ईश्वरदास सुटले. सगळ्यात आधी! त्यांच्यामागे मंडळाचे अध्यक्ष कवडूजी, त्यांच्यामागे अख्खी गल्ली. कुणाची चप्पल राहिली, कुणाची सासू. मिनिटभरात पुढच्या रांगेत उरली एकटी गोदूबाई, शेंगदाणे सोलत.

"काहून पळून राह्यले गा सारे?" ती म्हणाली. "मी तर इथंच बसून हाओ!"

कोरड्या तोट्या पाहून लोक परत आले ते लाल होऊन. मेघा कुजबुजली, "दुसऱ्या गाण्यातून तो टॅग काढ न गा!"

"मुंबईवाल्यासाठी नाई काढला, अन् नळासाठी काढू?"

दुसरं गाणं. "नळ आले वंऽऽऽ!" निम्मे पुन्हा पळाले; न जाणो, खरंच आले असले तर! तिसऱ्याला दोघंच उठले, त्यात ईश्वरदास. चौथ्याला कुणीही हललं नाही. उलट टॅग वाजला, की सगळं मैदान सोबत ओरडायचं. लोक डोलू लागले. कवडूजींनी डोक्याची टोपी हवेत फेकली. पंकजचा ऊर भरून आला. हेच तर हवं होतं त्याला! आपली गल्ली, आपली आई, आपली बीट.

पाचवं गाणं अर्ध्यावर होतं, तेव्हा मागून हाक आली, "नळ आले वंऽऽऽ!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पंकजने मात्र चमकून मान वर केली. अर्ध्या गाण्यात त्याने टॅग टाकलाच नव्हता. त्याने पुढच्या रांगेत पाहिलं. शेंगदाण्यांची टरफलं होती, आई नव्हती!

हाक पुन्हा आली. पुन्हा टाळ्या! आता सांगावं, तर खुर्च्या रिकाम्या, आणि खोलीत चक्की. न सांगावं, तर गल्ली कोरडी. पंकजने एक क्षण डोळे मिटले आणि... आता तुमच्यापासून काय लपवायचं? त्याने आवाज वाढवला!

शेवटचं गाणं संपलं तेव्हा एकही खुर्ची रिकामी नव्हती. गोदूबाईच्या खुर्चीवरही कुणीतरी येऊन बसलं होतं. ईश्वरदासांनी माइक ओढून घेतला. "खोली तुही बे पोट्ट्या! कायमची! सारी गल्ली साक्षीले हाय!"

पंकज लॅपटॉप काखोटीला मारून घराकडे धावला. खोलीच्या दारात गोदूबाई पदराने हात पुसत उभी होती.

"कोनीच नाई आलं गा," ती म्हणाली. "साऱ्या गल्लीचं पानी आपल्याच तोटीले! काय धार होती! ड्रम भरले, गंज भरले, पातेले भरले. नळ जाईपर्यंत भरूनच राह्यली मी. आता एवढं पानी वाया कसं जाऊ द्याचं?"

पंकजने आत डोकावलं. आज्याचा खड्डा काठोकाठ भरला होता. पाण्यावर त्याची बसायची उशी तरंगत होती.

"आई! माहा स्टुडिओ!"

"मंग? एक थेंब गळून नाई राह्यला!" गोदूबाई अभिमानाने म्हणाली.

तेवढ्यात बाहेर भांड्यांचा खडखडाट झाला. पंकजने वळून पाहिलं. हातात बादली घेऊन कवडूजी, त्यांच्यामागे कळशी घेऊन मेघा, त्यांच्यामागे गल्लीच्या टोकापर्यंत माणसंच माणसं.

पंकजच्या खोलीपुढे रांग लागली होती.