बस स्टॉपजवळचं रॉयस्टर

इंग्रजीत आपला हात कोणी धरू शकत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. जंगलाला लागून असलेल्या ऊर्जानगरच्या आमच्या क्वार्टरांतली कॉलेजची पोरं रोज संध्याकाळी बस स्टॉपवर शिट्ट्या मारत, हॉर्न वाजवत धिंगाणा घालायची. साधं 'धिंगाणा' लिहिलं तर मनावर घेतो कोण? मी डिक्शनरीतून त्याच अर्थाचं 'रॉयस्टर' हे क्रियापद शोधलं आणि सूचनाफलकावर लावलं: 'बस स्टॉपजवळ रॉयस्टरिंग आढळले आहे. पुन्हा आढळल्यास त्वरित कळवावे.'

चूक एवढीच झाली, की त्या फलकावर आजवर फक्त बिबट आणि अस्वलच आढळत आले होते!

दुपारी शेजारचे लटारूभाऊ काठी घेऊनच आले. हे आलं कुठून, म्हणून विचारू लागले. मला कोण आनंद! सांगितलं, मूळचं लॅटिन, फ्रान्समार्गे इंग्लंडात गेलं. मूळ अर्थ गावचा, गावंढळ.

"गावचा म्हंजे? जंगलात नाई राहत, गावातच घुसते का?" त्यांचा चेहरा उतरला. "अन् इतक्या दुरून आलं, म्हंजे भुकेलं असन."

अहो, ते क्रियापद आहे, असं मी म्हणेपर्यंत ते जिना उतरले होते.

दिवस कलेपर्यंत कोणाला बस स्टॉपजवळच्या झुडपात त्याचे डोळे दिसले, समोरच्या चंदाबाईंनी गुरगुर ऐकली. लहान मुलं घरात कोंडली गेली. फाटकाला कुलूप लावायचं काम सेक्रेटरी म्हणून माझ्याकडे आलं आणि मी ते लावलंही. मला अर्थ ठाऊक होता हो! पण झुडूप खरंच हललं होतं. एवढे लोक सांगतात तर काहीतरी असेलच, असं वाटून मी कुलूप दोनदा ओढून पाहिलं.

अंधारताना आठवलं, माझ्या बायकोची, दीपिकाची बस यायची वेळ झाली. ती उतरणार त्याच झुडपापाशी, आणि फाटक बंद! फोन लागेना. किल्ली घेऊन मी फाटकाकडे धावलो. तेवढ्यात बाहेरून काहीतरी डबे बडवत, आरडाओरडा करत जवळ यायला लागलं. मी डोळे मिटून घेतले.

"कुलूप उघडता का?" दीपिका म्हणाली.

तिच्या चहूबाजूंनी तीच पोरं होती, डबे, शिट्ट्या आणि हॉर्नसकट. त्यांतला निकेश म्हणाला, "काका, जनावर फिरून राह्यलं ना. काकूले एकटं कसं येऊ देनार? म्हनून आवाज करत आनलं."

रॉयस्टरिंग समोर उभंच होतं; शब्दाचा अर्थ सांगायची याहून चांगली संधी मिळाली नसती. पण मी नुसतं कुलूप उघडलं आणि निकेशला हळूच विचारलं, उद्या सकाळी मलाही बसपर्यंत सोडशील का, जरा असाच आवाज करत.