मुलीपासून वीस मिनिटांवर

ओस्लोत राहायचं कुठे, एवढा एकच प्रश्न होता. एखाद्या शहाण्या माणसानं तो चहा निवायच्या आत सोडवला असता. ऑडवारनं त्याला अकरा दिवस लावले, आणि (हे त्याचे शत्रूसुद्धा मान्य करतील) त्या अकरा दिवसांत एकही लबाडी केली नाही. उभ्या आयुष्यात असं पहिल्यांदाच घडत होतं, त्यामुळे पुढे कुणाचाच विश्वास बसला नाही.

ऑडवार उत्तर नॉर्वेतल्या मूशोएन गावच्या शाळेत चौतीस वर्षं केअरटेकर होता. तो रिटायर झाला, त्याचे हात झाले नाहीत. मागच्या वेळी तो लेकीकडे, इंगुनकडे, ओस्लोला गेला तेव्हा तिच्या बाथरूमचं दार जमिनीला घासत होतं. त्यानं रंधा मारला. घासणं कमी झालं, म्हणून आणखी मारला. मग डावी बाजू खाली वाटली म्हणून उजवीकडून मारला, मग उजवी खाली वाटली. शेवटी दार घासायचं थांबलं आणि शेजारचं मांजर त्याच्याखालून ये-जा करू लागलं.

आता इंगुन एस्किल नावाच्या मुलाबरोबर राहत होती आणि आईवडिलांनी त्याला अजून प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं. फोनवर बोलणं व्हायचं, पण ऑडवार फोन असा धरायचा की पलीकडे फक्त त्याचं कपाळ दिसे.

"बाबा, एप्रिलमध्ये जरूर ये," इंगुन म्हणाली, "पण या वेळी आमच्यापासून निदान वीस मिनिटं लांब राहा. आणि कशालाही हात लावायचा नाही. नाहीतर नाताळला आम्ही एस्किलच्या आईवडिलांकडे जाऊ. खरंच जाऊ."

गेल्या नाताळला इंगुन परदेशात होती. ऑडवार आणि त्याची बायको सोलफ्रिड चौघांना पुरेल एवढं मटण मध्ये ठेवून समोरासमोर बसले होते आणि सोलफ्रिडनं इंगुनच्या जागीही काटाचमचा मांडला होता. तसा नाताळ ऑडवारला पुन्हा नको होता. म्हणून त्यानं शपथ घेतली आणि स्वयंपाकघराच्या टेबलावर ओस्लोचा नकाशा पसरला.

"फ्रोग्नर," सोलफ्रिड म्हणाली. "शांत आहे, फिरायला बाग आहे."

"तिथून इंगुनचं टोरशोव पाऊण तास! अचानक पोरीला काही लागलं तर?"

"एकोणतिसाव्या वर्षी तिला काय लागणार आहे?"

"नळ गळू शकतो."

"म्हणूनच फ्रोग्नर."

"बरं, मग ग्रूनरलोका घेऊ. मधोमध आहे."

"तिथे आपल्या वयाचं माणूस दिसलं की लोक रस्ता चुकलात का विचारतात."

अकराव्या दिवशी सागेने नावाचा भाग ठरला. इंटरनेटवर जागा मिळाली, मारेन नावाच्या बाईची. अशा जाहिरातीत नेमका पत्ता देत नाहीत, नकाशावर नुसतं एक वर्तुळ दाखवतात. ऑडवारनं वर्तुळाच्या मध्यापासून इंगुनच्या घरापर्यंतची वाट मोजली. बावीस मिनिटं! म्हणजे वर दोन मिनिटं त्याच्या सज्जनपणाची. वर्तुळाची एक कड टोरशोवला चाटून जात होती, पण घर मधोमध सोडून कडेला कशाला असेल?

घर कडेलाच होतं. जागा पक्की झाल्यावर पत्ता आला तो टोरशोवचा, इंगुनच्याच सोसायटीचा. तिचा जिना बी, यांचा ई, मध्ये एक अंगण.

"मुद्दाम केलंस," सोलफ्रिड म्हणाली.

"आईशप्पथ नाही!"

"ऑडवार, आपल्या लग्नाला पस्तीस वर्षं झालीत."

त्या शनिवार-रविवारी सबंध ओस्लोत दुसरी जागा उरली नव्हती. शिवाय मारेनचा निरोप आला, की जागा भाड्यानं दिलेली सोसायटीला चालत नाही, तेव्हा कुणी विचारलंच तर मी मारेनचा काका म्हणून सांगा.

इंगुनला त्यांनी शनिवारी संध्याकाळी सागेनेहून येतो असं कळवलं आणि शुक्रवारी दुपारी, ती कामावर असताना, भिंतीच्या कडेकडेनं ई जिन्यात शिरले. खिडकीजवळ जायची ऑडवारला बंदी होती. दोन तास तो पिंजऱ्यातल्यासारखा येरझाऱ्या घालत राहिला. त्यात दाराचं लॅच जरा अडकत होतं. शपथ इंगुनच्या घरापुरती होती, असा त्यानं सोयीस्कर अर्थ लावला आणि लॅच खोलून, साफ करून पुन्हा बसवलं. एक स्प्रिंग उरली. ती फालतू असावी म्हणून त्यानं खिशात टाकली. लॅच लोण्यासारखं फिरू लागलं.

शनिवारी सकाळी दहाला दारावर थाप पडली. दारात सोसायटीच्या अध्यक्ष बर्गलियोटबाई, हातात पाचोळा ओढायचे दोन पंजे.

"तुम्ही कोण?"

"मारेनचा काका."

"छान. आज दुग्नाद आहे. चला."

दुग्नाद म्हणजे सगळ्यांनी मिळून अंगण साफ करायचं, आणि त्याला नॉर्वेत नाही म्हणता येत नाही. माणूस आजारी असला तर पडल्या पडल्या कॉफीचा थर्मास तरी पाठवतो. सोलफ्रिडनं तत्काळ डोकं धरलं आणि पलंगावर अंग टाकलं. (तिचं डोकं फार गुणी आहे, नेमकं वेळेवर दुखतं.) ऑडवारनं लोकरी टोपी भुवयांपर्यंत ओढली, जाताना दार ओढून घेतलं आणि खाली गेला.

इंगुन वर वाफल्स करत होती, हे नशीब. पण बर्गलियोटबाईंनी त्याची जोडी लावली ती नेमकी एका लांबलचक, हसऱ्या मुलाशी.

"मी एस्किल. काका, आपल्या वाट्याला सायकलींच्या शेडचं दार आलंय. जमिनीला घासतंय. रंधा आणू?"

"नको!" ऑडवार इतक्या मोठ्यानं ओरडला की पंजे चालवणारे थांबले. "म्हणजे... बिजागरीत वॉशर घाल. दार वर उचललं जाईल."

"तुम्हीच घाला ना, मला सवय नाही."

ऑडवारचे हात शिवशिवले. पण त्याला मांडलेला, रिकामाच राहिलेला तो काटाचमचा आठवला आणि त्यानं दोन्ही हात खिशात खुपसले. "तूच कर," तो म्हणाला. "मी सांगतो."

पाऊण तास तो नुसता सांगत राहिला. एस्किलनं स्क्रू उलटा फिरवला, वॉशर गवतात पाडला, हातोडी चुकीच्या टोकाला धरली. खिशातल्या खिशात ऑडवारच्या मुठी आवळत होत्या, पण बाहेर आल्या नाहीत.

"संध्याकाळी इंगुनचे वडील येतायत," एस्किल काम करता करता म्हणाला. "मला जाम टेन्शन आलंय. त्यांनी आमच्या बाथरूमच्या दाराची जी अवस्था केलीय! खाली पाच बोटांची फट आहे, काका."

"चार," ऑडवारच्या तोंडून निघून गेलं.

"काय?"

"चार असेल. माणूस बोलताना वाढवून बोलतो."

शेवटचा स्क्रू बसला आणि दार अलगद लागलं. एस्किलनं ते तीनदा उघडून मिटलं. "हे मी केलं! काका, मला सासरा तुमच्यासारखा हवा होता हो."

ऑडवारला एवढं भरून आलं की त्यानं टोपी काढून घाम पुसला.

एस्किल बघतच राहिला. "हे कपाळ..." तो म्हणाला. "हे कपाळ मी कुठेतरी पाहिलंय."

"बाबा?" मागून आवाज आला. इंगुन वाफल्सचं ताट घेऊन उभी होती.

"मी काही केलं नाही! ते वर्तुळ होतं," ऑडवार घाईघाईनं सांगू लागला, "आणि घर मधोमध असायला हवं होतं, पण ते कडेला..."

"वर्तुळ," इंगुन म्हणाली.

तिसऱ्या मजल्याची खिडकी उघडली. "अगं, खरं बोलतोय तो!" सोलफ्रिड ओरडली. "मलाही दोन दिवस लागले पटायला!"

"आई! तूसुद्धा? खाली ये आधी!"

खिडकी मिटली. बऱ्याच वेळानं पुन्हा उघडली.

"ऑडवार, दार उघडत नाहीये. लॅच नुसतंच गोल फिरतंय."

सबंध दुग्नाद ऑडवारकडे वळला. त्यानं सावकाश खिशातून स्प्रिंग काढली. कुलूपवाल्याला फोन केला, तो म्हणाला, सोमवारी सकाळी.

"मला काही घाई नाही," सोलफ्रिड वरून म्हणाली. "फ्रिज भरलाय, पुस्तक आहे. दोन दिवस निवांत." आणि तिनं पडदा ओढला.

अशा रीतीनं अकरा दिवस नकाशा अभ्यासून ऑडवारच्या मुक्कामाची जागा ठरली ती लेकीच्या बैठकीच्या खोलीतला सोफा. तो दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला.

"नाताळचं..." त्यानं घाबरत विचारलं.

इंगुननं उशी आणून ठेवली. "येऊ. एस्किल सकाळपासून त्या शेडच्या दाराचंच कौतुक सांगतोय. तू पाऊण तास हात खिशात ठेवलेस म्हणे. आणि तिकडे तू निदान स्वतःची दारं बिघडवशील."

ऑडवारचे डोळे पाणावले. तेवढ्यात एस्किल बाथरूममध्ये गेला. सोफ्यावरून दाराखाली त्याचे करडे मोजे अगदी स्पष्ट दिसत होते.

"काका," आतून आवाज आला, "मी पाच बोटं म्हणालो होतो ना?"

"चार," ऑडवार जमेल तेवढ्या रुबाबात म्हणाला.

दाराखालून एस्किलचा हात कडेवर उभा बाहेर आला, पाचही बोटं एकावर एक, अंगठ्यासकट, कुठेही न घासता. आणि त्यानं ऑडवारला टाटा केला.