पाखंडी केक

“प्राध्यापकांना पटवायला मला एक केक पुरे,” बेकरीवाल्याने शनिवारी सकाळी जाहीर केलं. गल्ल्यावर बसलेल्या ताईने त्याला कोपरापासून हात जोडले.

त्याला दातांच्या डॉक्टरशी लग्न करायचं होतं, तिलाही त्याच्याशी करायचं होतं, आणि घोडं अडलं होतं ते तिच्या प्राध्यापक वडिलांच्या होकारापाशी. आई गेल्यापासून घरात बापलेक दोघंच. वडिलांना दुखवून ती घराबाहेर पाऊल टाकणार नव्हती. “तू गोड खायला घालणार आणि ती दात उपटणार, म्हणजे धंदा घरातल्या घरात राहील,” असं म्हणून ताई कधीच हो म्हणून बसली होती. प्रश्न प्राध्यापकांचा होता.

प्राध्यापकांनी जन्मभर धर्मगुरू होऊ पाहणाऱ्या पोरांना चर्चचा जुना इतिहास शिकवला, आणि त्यातही पाखंडं, म्हणजे चर्चने चुकीची ठरवलेली मतं. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून देव एकच कसा, हे सांगताना पहिल्या चारपाचशे वर्षांत कोण कुठे घसरला, हे त्यांना शेजाऱ्यांच्या भानगडींसारखं तोंडपाठ होतं. निवृत्तीनंतर ऐकायला कोणी उरलं नाही. मग ते घरी येईल त्याला विचारू लागले, “त्रैक्य म्हणजे काय, सांगा बरं.” मुलीला बघायला आलेला बँकेतला एक अधिकारी ‘पाणी, बर्फ आणि वाफ’ असं सांगून मोकळा झाला. त्याला चहा मिळाला आणि वर दीड तासाचं व्याख्यान. तो पुन्हा त्या रस्त्याला दिसला नाही.

“तो बोलला, तिथेच फसला,” बेकरीवाला ताईला म्हणाला. “मी बोलणारच नाही. मी दाखवणार.”

रविवारी दुपारी त्याने तीन थरांचा केक त्यांच्या जेवणाच्या टेबलावर ठेवला. खाली पिता, मध्ये पुत्र, वर पवित्र आत्मा, आणि तिघांवर एकच पांढरं क्रीम. प्राध्यापकांनी चष्मा पुसला आणि टेबलाभोवती एक फेरी मारली.

“मधला थर खालच्यापेक्षा लहान का?”

“नाहीतर केक उभा कसा राहील, सर?”

“म्हणजे पुत्र पित्याहून कमी. बरं, भट्टीत आधी कोण गेलं?”

“खालचा. मोठ्याला वेळ लागतो.”

“मग पिता तयार झाला तेव्हा पुत्र नव्हता?”

“नुसता मैदा होता,” बेकरीवाला प्रामाणिकपणे म्हणाला.

प्राध्यापक खुर्चीत बसले. त्यांचा चेहरा उजळला होता. “एरियस! चौथं शतक. पुत्र नव्हता असाही एक काळ होता, हेच तर तो म्हणायचा. बिशपांनी मोठी सभा भरवून त्याला बाहेर काढलं, आणि तुम्ही त्याला क्रीम लावून माझ्या घरात आणलंत.”

आता आपलीही रवानगी होणार, असं बेकरीवाल्याला वाटलं. पण प्राध्यापकांनी त्याला संध्याकाळपर्यंत बसवून घेतलं, बोलता बोलता अर्धा एरियस फस्त केला, आणि लग्नाबद्दल चकार शब्द न काढता ते आत निघून गेले. डॉक्टर त्याला सोडायला दारापर्यंत आली. “पुढच्या रविवारी पुन्हा बघ,” ती म्हणाली. “आणि साखर जरा कमी घाल.”

दुसऱ्या खेपेला त्याने तीन सारखे केक नेले. मिश्रण एकच, भट्टीत एकाच वेळी घातलेले, वजनकाट्यावर तोलून पाहिलेले.

“किती केक आहेत?”

“तीन.”

“मग देव किती झाले?”

बेकरीवाल्याने घाईघाईने मधल्या फटी क्रीमने बुजवल्या. “आता एक, सर.”

“लिंपून भिंत एक होते. देव नाही होत.”

इकडे दुकानात गोंधळ वाढत चालला होता. डोक्यात सतत तेच, म्हणून एका आजोबांच्या वाढदिवसाच्या केकवर नावाऐवजी ‘पवित्र आत्मा’ लिहिलं गेलं. आजोबा चांगले धडधाकट होते. त्यांच्या सुनेने दुकानात येऊन जे काही सुनावलं, ते ताईने निमूटपणे ऐकून घेतलं.

तिसरा केक मात्र त्याच्या मते बिनतोड होता. थर नाहीत, तुकडे नाहीत. एकच गोल केक, फिरत्या थाळीवर. “हा इकडून पिता,” त्याने थाळी फिरवली, “इकडून पुत्र, आणि इकडून आत्मा. केक तोच.”

“पुत्र प्रार्थना करतो ती कुणाची मग?” प्राध्यापकांनी विचारलं. “केकच्या मागच्या बाजूची? सबेलियस. तिसरं शतक. नट एक, सोंगं तीन. तो बँकवालाही इथेच पडला होता.”

“मग बरोबर काय ते तुम्हीच सांगा ना!” बेकरीवाल्याचा तोल सुटला.

“चुकीचं काय ते सांगता येतं,” प्राध्यापक आनंदाने म्हणाले आणि त्यांनी दुसरा तुकडा घेतला.

चौथ्या रविवारी बेकरीवाला हात हलवत गेला. टेबलावर तीन बशा मांडून ठेवलेल्या, शेजारी खुणेच्या चिठ्ठ्या घातलेली दोन जाडजूड पुस्तकं.

“केक?” प्राध्यापकांनी विचारलं.

“नाही आणला, सर. देव एक आहे. तिघं आहेत. तिघांत लहानमोठं नाही, तिघं मिळून तीन देव नाहीत, आणि एकाचीच तीन सोंगंही नाहीत. एवढं मला कळलं, पण भट्टीत ते मावत नाही. मी हरलो. माझा तुमच्या मुलीवर जीव आहे. हो म्हणा नाहीतर नाही म्हणा, पण आज सांगा.”

प्राध्यापक रिकाम्या बशीकडे बघत राहिले. “आज आपण पवित्र आत्म्यावरून झालेल्या भांडणापर्यंत पोचणार होतो,” ते हिरमुसून म्हणाले. “मी खुणा घालून ठेवल्या होत्या.”

“सर, होकार?”

“तो ना? तो पहिल्याच रविवारी दिला. हिला सांगितलं होतं.”

बेकरीवाला डॉक्टरकडे वळला. ती लाजेने लाल झाली होती. “रागावू नकोस. बाबा आठवडाभर तुझी वाट बघायचे. आई गेल्यानंतर मी त्यांना असं हसताना पाहिलंच नव्हतं. म्हटलं, अजून एक रविवार होऊ दे.”

“हो म्हटलं की माणूस जावई होतो,” प्राध्यापक म्हणाले, “आणि जावई रिकाम्या हाताने येतो. आता बघा, आलातच की. जा, बेकरी उघडी असेल तर काहीतरी चुकीचं घेऊन या.”

बेकरीवाल्याला खरं तर भडकायचं होतं. पण अर्धा जिना उतरल्यावर त्याच्या लक्षात आलं, की आपण बिस्किटांचा विचार करतोय.